बारा पुरुष आणि एक घंगाळ : पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याची पार्श्वभूमी

२१ जानेवारी २०१६ रोजी रोमहून एक छोटासा आदेश जाहीर झाला. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सात (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) ज्यांचे पाय धुवायचे, त्यांच्यासाठी विधिग्रंथात ‘निवडलेले पुरुष’ असे शब्द होते. ते काढून ‘देवाच्या प्रजेतून निवडलेले’ असे घालावेत, एवढाच त्याचा गाभा. स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे, धडधाकट आणि आजारी, धर्मगुरू, व्रतस्थ आणि प्रापंचिक असा धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या समाजाचा, सगळा गोतावळा त्या छोट्या गटात दिसावा, अशी अपेक्षाही त्यात होती. तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी या बदलाचे पत्र संबंधित खात्याला २० डिसेंबर २०१४ रोजीच दिले होते. आदेशावर तारीख पडली ६ जानेवारी २०१६. दोन शब्द बदलायला वर्षाहून अधिक काळ का लागावा, हे ज्याने एखाद्या धर्मग्रामात सणाची वर्गणी कुणी गोळा करायची यावरचा वाद पाहिला आहे, त्याला सांगायला नको.

विधी जुना आहे, पण आज दिसतो त्या रूपात तो फार जुना नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतल्याची हकीकत चारपैकी एकट्या योहानाच्या शुभवर्तमानात येते, आणि तिथे ‘बारा’ हा आकडा दिलेला नाही. सुरुवातीच्या शतकांत काही ठिकाणी बाप्तिस्म्याच्या वेळी पाय धुतले जात. मिलानमध्ये ही पद्धत होती, रोममध्ये नव्हती, आणि स्पेनमधल्या एका परिषदेने चौथ्या शतकाच्या आरंभी तिला मनाईच केली. सहाव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमात ती अगदी रोजच्या कामात येऊन बसली. आठवड्याची स्वयंपाकाची पाळी संपवणारा आणि नवी पाळी घेणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. पाहुणा आला तर मठाधिपतीने आणि सर्व बंधूंनी त्याचे धुवायचे. मांडीवर घेतलेला टॉवेल, ओट्यावरची भांडी आणि दारातला धुळीने माखलेला वाटसरू, अशा ठिकाणी ही नम्रता होती. वर्षातून एकदा, सगळ्यांच्या देखत, असे तिचे स्वरूप नव्हते.

पुढे गुरुवारला महत्त्व आले. ६९४ साली स्पेनमधल्या टोलेडोच्या परिषदेने बिशपांना त्या दिवशी पाय धुणे बंधनकारक केले. मध्ययुगात गरिबांचे पाय धुण्याची प्रथा वाढली, आणि आकडा बहुधा तेराचा असे. राजेराण्यांनीही ती उचलली. इंग्लंडच्या राण्या सोळाव्या शतकात गरीब बायकांचे पाय धूत. त्या बायकांचे पाय आधी धोबीखात्यातले नोकर धुवून काढत, मग दानाधिकारी धूत, आणि शेवटी राणी. आजही आपल्याकडे निवडलेली मंडळी त्या संध्याकाळी घरून पाय स्वच्छ घासून आणि नवे मोजे घालून येतात, तेव्हा हसू येते ते याचमुळे. घाण पाय पुढे करायचे धाडस कुणाकडेच नाही.

मुद्दा असा की स्त्रियांचे पाय धुणे हे काही विसाव्या शतकातले खूळ नव्हे. मठांत भगिनी भगिनींचे धूत, राण्या गरीब बायकांचे धूत. १५७० च्या विधिग्रंथात तर वेदीवरची कापडे काढल्यानंतर धर्मसेवकांनी जमावे आणि ‘मोठ्याने धाकट्यांचे पाय धुवावेत’ अशीच सूचना होती. तीही मिस्साच्या बाहेर. साध्या धर्मग्रामातल्या माणसाच्या नजरेला हा विधी क्वचितच पडे. शिवाय त्या काळी गुरुवारचा मिस्सा सकाळी होई, आणि १६४२ पासून हे दिवस सक्तीच्या सुट्टीचेही राहिले नव्हते. शेतावर, मिठागरात, गिरणीत जाणाऱ्याने तो पाहायचा कधी?

हे चित्र बदलले १९५५ च्या नोव्हेंबरात. पवित्र सप्ताहाच्या विधींची मोठी फेररचना झाली आणि ती १९५६ पासून लागू झाली. गुरुवारचा मिस्सा संध्याकाळी नेला, कामकरी माणसांना येता यावे म्हणून. पाय धुण्याला प्रवचनानंतर थेट मिस्सामध्ये जागा मिळाली. आणि त्याच कागदात, ‘बारा निवडलेले पुरुष’. १९७० च्या विधिग्रंथाने ‘बारा’ गाळले, ‘पुरुष’ ठेवले. म्हणजे ज्या पद्धतीला २०१६ मध्ये ‘आपली शतकानुशतकांची परंपरा’ म्हणून कवटाळले गेले, ती धर्मग्रामांच्या पातळीवर जेमतेम साठ वर्षांची होती. वसईच्या किंवा ठाण्याच्या पट्ट्यात आज जे आजोबा ‘आम्ही लहानपणापासून बारा पुरुषच पाहतो’ म्हणतात, ते खरेच सांगतात. त्यांच्या आजोबांनी मात्र ते पाहिले असण्याची शक्यता कमी.

मग पुरुषच का, हा प्रश्न. यावर दोन बाजू आहेत आणि दोन्हीही प्रामाणिक आहेत. एक बाजू म्हणते, त्या संध्याकाळी धर्मगुरुपदाचीही स्थापना झाली. वेदीसमोर बसलेले बारा जण म्हणजे प्रेषित, हा विधी म्हणजे त्या भोजनाचे जिवंत चित्र, आणि चित्रात पात्रे बदलता येत नाहीत. दुसरी बाजू म्हणते, विधी चालू असताना जे गायले जाते ते ‘नवी आज्ञा’ आणि परस्परप्रीती यांबद्दल आहे, धर्मगुरुपदाबद्दल त्यात अवाक्षर नाही. इतिहासातले तेरा गरीब हे प्रेषितांचे सोंग घेऊन बसत नव्हते, ते खरोखरीचे गरीब होते. १९८८ साली रोमने पवित्र सप्ताहाबद्दल जे परिपत्रक काढले त्यात गंमत अशी की वाक्य एका बाजूचे आणि कारण दुसऱ्या बाजूचे होते. पाय धुवावेत ते निवडलेल्या पुरुषांचे, पण अर्थ द्यायचा ख्रिस्ताच्या सेवेचा आणि प्रेमाचा, ‘सेवा करून घ्यायला नव्हे तर करायला आलो’ या वचनाचा. सेवाच दाखवायची असेल तर निम्मा धर्मग्राम बाकावर बसूनच का पाहतो, याचे उत्तर त्या कागदात मिळत नाही. अनेक देशांत या उत्तराची वाट कुणी पाहिली नाही. स्त्रियांचे पाय धुणे नियमाच्या कडेकडेने सुरू झाले. कुठे बिशपांनी डोळेझाक केली, कुठे हरकत घेतली.

आपल्याकडे या वादाला आणखी एक पदर आहे, आणि तो रोमच्या कुठल्याही कागदात सापडायचा नाही. मराठी मुलखात पाय धुतले जातात ते मोठ्याचे. दारात आलेल्या पाहुण्याला पायावर पाणी, लग्नात सासऱ्याने जावयाचे पाय धुणे, संतांच्या पादुकांची पूजा. ज्याचे पाय धुतले जातात तो मानकरी. योहानाने हे उलटे करून सांगितले, पण आपल्या डोळ्यांना सवय पहिलीच होती. त्यामुळे गुडघ्यावर आलेले फादर नम्र दिसले ते खरे, पण त्यांच्यापुढे बसलेल्या बारा जणांना आपसूक मान मिळाला. मग त्या बाकावर कोण बसणार, याची यादी होऊ लागली : धर्मग्राम परिषदेतली मंडळी, सणाचे यजमान, जमिनीचा तुकडा दिलेले घराणे, नुकताच परदेशातून परतलेला दाता. ज्या विधीने मानाची उतरंड मोडायची, त्याच विधीत ती उतरंड रांगेने बसली. पुरुषच बसायचे असल्याने फुले लावणाऱ्या, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या, आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या आणि वेदीची कापडे धुऊन इस्त्री करणाऱ्या बायका या यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. धर्मग्रामाच्या कामाचा बहुतेक भार त्यांच्यावर असतो, हे कुठल्याही चर्चमध्ये शनिवारी दुपारी डोकावले तरी दिसते.

गोव्यात हा मानाचा इतिहास अधिक उघडा आहे. तिथल्या कॉन्फ्रारिया, म्हणजे सणाचा आणि मिरवणुकीचा कारभार पाहणाऱ्या बंधुसंघटना, दीर्घकाळ जातीवार आणि गावकारीच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, हक्कानुसार चालल्या. कुणी कुठल्या रंगाचा झगा घालायचा, कुणी सण करायचा, हे जन्माने ठरे. काही गावांत हे वाद कोर्टापर्यंत गेले. मुंबई आणि तिच्या लगतच्या साष्टीत तर १७९४ पासून १९२८ पर्यंत दोन वेगवेगळ्या अधिकारसत्तांचे, एक पोर्तुगीजांच्या आणि एक थेट रोमच्या, बिशप नांदले, आणि एकाच वस्तीतली घरे कुणाच्या बाजूची यावरून वाटली गेली. भाऊबंदकीच्या या वारशावर उभ्या असलेल्या धर्मग्रामात ‘बारा कोण?’ हा प्रश्न निरागस असूच शकत नव्हता.

२८ मार्च २०१३ रोजी, तेव्हा नवे असलेल्या पोप फ्रान्सिस यांनी आपला पहिला पवित्र गुरुवार रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात पाळला. बारा जणांत दोन मुली होत्या, आणि मुसलमानही होते. विधिग्रंथ तसाच असताना पोपनेच तो ओलांडला, ही गोष्ट अनेकांच्या पचनी पडली नाही. नियम बनवणाराच नियम मोडतो तर आम्ही कुणाचे ऐकायचे, असे विधिनिष्ठ मंडळी म्हणू लागली, आणि त्यात तथ्य होते. २०१६ च्या आदेशाने त्या आक्षेपाला कायदेशीर उत्तर दिले. त्या वर्षीच्या गुरुवारी, २४ मार्चला, रोमजवळच्या निर्वासित केंद्रात ज्यांचे पाय धुतले गेले त्यांत नायजेरियातले कॅथलिक होते, एरिट्रियातल्या कॉप्टिक स्त्रिया होत्या, सीरिया, पाकिस्तान आणि मालीतले मुसलमान होते आणि भारतातला एक हिंदूही होता. २०२४ मध्ये तेच पोप चाकाच्या खुर्चीत बसून रोमच्या स्त्री-तुरुंगात गेले आणि बाराच्या बारा पाय बायकांचे होते.

आदेश लॅटिन परंपरेपुरताच, म्हणजे रोमची उपासनापद्धती पाळणाऱ्या कॅथलिकांपुरताच होता, हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात आले नाही. २०१७ मध्ये केरळमधल्या सिरो-मलबार या मोठ्या पौर्वात्य कॅथलिक चर्चने आपल्या धर्मग्रामांना कळवले की तिथे पुरुषांचे आणि मुलग्यांचेच पाय धुवायचे. आपली परंपरा वेगळी आहे, हे त्यांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते. पण ही बातमी महाराष्ट्रात परक्या गावची नव्हती. कल्याणला त्या चर्चचा धर्मप्रांत १९८८ पासून आहे. एकाच उपनगरात, पायी अंतरावरच्या दोन चर्चांत, एकाच संध्याकाळी, एकीकडे म्हाताऱ्या धर्मभगिनीचा पाय घंगाळात आणि दुसरीकडे फक्त मुलगे, असे दोन नियम त्यामुळे शेजारी नांदू शकतात.

लॅटिन धर्मग्रामांत बदल झाला तोही सरळ रेषेत नाही. फादरांनी आपल्या पायाला हात लावायचा, या कल्पनेनेच संकोचणाऱ्या स्त्रिया होत्या, विशेषतः मोठ्या वयाच्या. काही ठिकाणी आधी जोडपी बसवली गेली, काही ठिकाणी प्रत्येक वाडीतून एक असे ठरले. इथे १९८० च्या दशकापासून मुंबई महाधर्मप्रांतात उभे राहिलेले छोटे ख्रिस्ती समूह कामी आले. दहावीस घरांच्या गटाने आपल्यातला एक पाठवायचा म्हटल्यावर घरकाम करणारी बाई, रिक्षावाला, डायलिसिसवरचा माणूस अशी नावे वर येऊ लागली. जिथे हे समूह फक्त मे महिन्यातल्या क्रुसाच्या प्रार्थनेपुरते उरले आहेत, तिथे यादी अजून कार्यालयातच होते.

कारण निवडीचा अधिकार शेवटी प्रमुख धर्मगुरूंचाच आहे. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे धर्मग्राम परिषदेचे मत सल्ल्यापुरते असते. आर्थिक समिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची, तर धर्मग्राम परिषद बिशपांना योग्य वाटले तरच. पैशाला समिती हवीच आणि माणसांना चालेल, ही विभागणी कुणाला कशी वाटावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोममध्ये संपलेल्या सिनॉडच्या, म्हणजे बिशपांच्या सभेच्या, अंतिम दस्तऐवजाने अशा सहभागाच्या परिषदा सक्तीच्या करा, आणि ‘केवळ सल्लागार’ या शब्दप्रयोगाचा फेरविचार करा, असे सुचवले.

पाय धुण्याचा विधी तर आजही ऐच्छिक आहे : ‘मेषपालीय दृष्ट्या’, म्हणजे लोकांच्या आध्यात्मिक काळजीच्या दृष्टीने, ‘योग्य वाटल्यास’. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे रोमने तो त्या वर्षापुरता गाळायला सांगितला तेव्हा कारण देताना हेच वापरले, की तो तसाही ऐच्छिक आहे. ज्या धर्मग्रामाला नावांवरून वाद नको असतो, त्याला ही पळवाट दर वर्षी खुली असते.