आकाशाची धग मोजणाऱ्यांचा इतिहास

विजयदुर्गचा किल्ला बघायला गेलात की ‘साहेबाचे कट्टे’ हमखास दाखवतात. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी इथे तळ ठोकला होता आणि मेल्पोमीन या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या हाताशी होते. (लॉकयर यांनी 1868 च्या ग्रहणात इथूनच हेलियम शोधला असं सांगितलं जातं, पण त्या ग्रहणाच्या वेळी ते इंग्लंडातच होते. या दोन ग्रहणांची गल्लत आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आली आहे, ती थांबायला हवी.) जानेवारीतलं कोकणचं आकाश स्वच्छ असतं, म्हणून ही जागा त्या कामाला उत्तम होती. पण हेच आकाश अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. असं का, हे ओळखायला खगोलशास्त्रज्ञांना दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

1800 मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढला. 1856 मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ उपकरणं घेऊन टेनेरिफ बेटावरच्या डोंगरावर गेले आणि चांदण्यातली उष्णता त्यांनी तिथे टिपली. उंचीवर, कोरड्या हवेत अवरक्त किरण जास्त पोचतात, हे हळूहळू लक्षात येत गेलं. सॅम्युएल लँग्ली यांनी त्यासाठी उष्णतेचा बारीक फरक टिपणारा बोलोमीटर बनवला आणि 1881 मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीवर नेला.

हवेतली वाफ हे किरण अडवते, एवढं तेव्हा कळलं होतं. हवा स्वतःही अवरक्तात उजळते, ही गोष्ट अधिक जाचक ठरली. कोकणात याचा पुरावा रोज समोर असतो. पौष-माघातल्या निरभ्र रात्री मोहरलेल्या कलमांवर दव पडतं आणि मळभ आलं की ते पडत नाही, हे बागायतदाराला ठाऊक असतं. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता 8 ते 14 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या पट्ट्यातून वर निघून जाते. ढग आले की तेच उष्णता खाली पाठवतात. एसी दुरुस्त करणाऱ्याकडची तापमान मोजायची बंदूक साधारण याच पट्ट्यात काम करते. कोरड्या रात्री ती सरळ डोक्यावर रोखली तर आकडा बराच खाली जातो. मग क्षितिजाकडे झुकवत नेली की तो चढत जातो, कारण वाटेत हवेचा जाड थर येतो. आकाशाची धग मोजण्याची मूळ रीत हीच आहे. उपकरणातला आरसा माथ्यापासून क्षितिजापर्यंत फिरवायचा, मध्येमध्ये ठरावीक तापमानाच्या काळ्या पृष्ठभागाकडे बघून मोजमाप पडताळायचं आणि हवेचा वाटा किती ते काढायचं.

1950 मध्ये एडन माइनेल यांनी दुसरा दोषी ओळखला. सुमारे 87 किलोमीटर उंचीवर हायड्रॉक्सिलचे (ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा एकेक अणू असलेले) रेणू रात्रभर उजेड देत असतात. 1 ते 2.3 मायक्रॉनच्या पट्ट्यात त्यांचंच राज्य असतं, त्यापलीकडे हवेची आणि दुर्बिणीची स्वतःची धग वरचढ ठरते.

1961 मध्ये फ्रँक लो यांनी अतिथंड जर्मेनियम बोलोमीटर बनवला. 1969 मध्ये नॉयगेबाउर आणि लायटन यांनी माउंट विल्सनवरून केलेल्या 2.2 मायक्रॉनच्या पाहणीची यादी आली, तीत साडेपाच हजारांवर स्रोत होते. त्या काळची मुख्य युक्ती वजाबाकीची: तारा अधिक आकाश मोजा, मग शेजारचं नुसतं आकाश मोजा, आणि पहिल्यातून दुसरं वजा करा. युक्ती उत्तम होती, पण वजाबाकीने आकाशाचा उजेड जातो, त्या उजेडाची थरथर जात नाही. ती उजेडाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मागे उरतेच. ही थरथर दहापट कमी हवी असेल तर आकाशच शंभरपट काळोखं लागतं. म्हणून ताऱ्यांच्या आधी कोऱ्या आकाशाचं मोजमाप करायला हवं, हा विचार मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो.

हवाईतल्या मौना कीवर, 4200 मीटरवर, 1979 मध्ये दोन मोठ्या अवरक्त दुर्बिणी उभ्या राहिल्या, आणि तिथे पाण्याची वाफ मागे पडली. पण तापमान शून्याच्या आसपासच. अशा हवेची धग 2.4 मायक्रॉनला किती? काळ्या वस्तूच्या, म्हणजे तापमानावरून वस्तूची धग सांगणाऱ्या, नियमाने हिशेब केला तर उणे 60 अंशांच्या वस्तूपेक्षा 0 अंशाची वस्तू तिथे जवळजवळ पाचशे पट उजळ असते. आणि आपल्याकडच्या 30 अंशांच्या संध्याकाळी तोच फरक चार हजार पटींच्या वर जातो.

म्हणून 1994 च्या ध्रुवीय हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन खगोलशास्त्रज्ञांनी अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीवर पूर्वी वापरलेलं एक प्रकाशमापक उपकरण दक्षिण ध्रुवावर नेलं. ध्रुवाची उंची 2835 मीटर, हिवाळ्यात तापमान उणे 60 च्या घरात. 1 ते 2 मायक्रॉनमध्ये हायड्रॉक्सिलचा उजेड तिथेही होताच, त्याला थंडीचा इलाज नाही. पण 2.3 ते 2.5 मायक्रॉनच्या खिडकीत आकाश इतर उत्तम जागांच्या मानाने कित्येक पटींनी, चांगल्या रात्री शंभर पटींच्या घरात, काळोखं निघालं. त्याच वर्षी जुलैत शूमेकर-लेव्ही 9 धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा ध्रुवावरच्या 60 सेंटिमीटरच्या स्पायरेक्स दुर्बिणीने ते टिपले. गुरू तिथे तेव्हा मावळतच नव्हता, ही मोठी सोय होती.

हिवाळाभर तिथे माणसं ठेवणं अवघड आणि खर्चिक. त्यामुळे पुढची पायरी आपोआप चालणाऱ्या मोजणीघरांची. ध्रुवावर 1997 मध्ये प्रोपेनवर वीज तयार करणारी आस्टो ही वेधशाळा चालू झाली. 2008 च्या जानेवारीत चिनी मोहिमेने अंटार्क्टिकाच्या बर्फाळ पठारावरच्या 4093 मीटर उंचीच्या डोम ए या माथ्यावर प्लेटो हे यंत्रघर ठेवलं. माणूस जवळपास नाही, काचेवर हिमाची भुकटी साचते, ती पुसायला कोणी नाही, आणि मोजमापं उपग्रहामार्फत येतात. फ्रेंच-इटालियन कॉन्कॉर्डिया तळावर, त्याच पठारावरच्या डोम सी इथे, 2005 पासून माणसं हिवाळा काढतात. उत्तरेला कॅनडातल्या एल्समीअर बेटावर युरेका इथेही आकाशाचा अवरक्त उजेड मोजला गेला आहे.

भारतात ही वाट डोंगरांकडे वळली. माउंट अबूच्या गुरुशिखरावरची 1.2 मीटरची अवरक्त दुर्बीण 1994 पासून काम करते. लडाखमध्ये हानले इथे, 4500 मीटरवर, 2 मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीने 2000 च्या सप्टेंबरमध्ये पहिला वेध घेतला. बंगळूरजवळच्या होसकोटेहून ती उपग्रहामार्फत चालवली जाते, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिरस्पेक हा अवरक्त वर्णपटमापक 2013 पासून तिच्यावर आहे. हानलेच्या डोक्यावरची सगळी वाफ गोळा करून पाणी केलं, तर वर्षाचा बराच काळ ते 2 मिलिमीटरच्या आत भरतं. पावसाळ्यात देवगड-मालवणवर तेच पन्नास-साठ मिलिमीटर असतं.