ऑर्डरव्हिल वेगळं आणि शॉर्ट क्रीक वेगळं

बहुपत्नीत्वावरचे माहितीपट पाहणाऱ्यांकडून या दोन गावांची हमखास गल्लत होते. दोन्ही अमेरिकेतल्या झायन नॅशनल पार्कच्या परिसरातली, दोन्हीकडे मालमत्ता सामाईक होती, दोन्हीकडे काही पुरुषांना एकाहून अधिक बायका होत्या. पण सामाईक मालमत्तेवर सत्ता कुणाची, हे पाहिलं की साम्य तिथेच संपतं.

दक्षिण युटातलं ऑर्डरव्हिल हे अस्सल पायोनियरांचं, म्हणजे सुरुवातीच्या मॉर्मन वसाहतकारांचं गाव. नेवाडातल्या मडी नदीकाठच्या वसाहती सोडून आलेल्या कुटुंबांनी ते १८७५ साली वसवलं आणि मॉर्मन चर्चचे तेव्हाचे प्रमुख ब्रिगॅम यंग यांच्या शिकवणीतल्या ‘युनायटेड ऑर्डर’प्रमाणे राहायचं ठरवलं. जमीन, गुरं, अवजारं सगळ्यांची. जेवणही सामाईक भोजनगृहात, पंगतीला. १८८० च्या पुराने पाव भाजायच्या भट्ट्यांची नासधूस केली तेव्हा पंगती थांबल्या.

तिथली एक गोष्ट अजून सांगतात. एका मुलाने कोकरांच्या कापलेल्या शेपट्यांची लोकर जमवून विकली आणि दुकानातली पँट घेतली. बाकीची पोरं घरी विणलेल्या जाड्याभरड्या कापडात. वडीलधाऱ्यांनी त्याच्या हुशारीचं कौतुक केलं, पण लोकर सगळ्यांची होती हेही बजावलं. मग ती पँट उसवून तिच्या मापावर नव्या शिवायचं ठरलं. जुनी झिजली की नवी मिळणार. झालं! पोरांनी जुन्या पँटींची बुडं धार लावायच्या दगडावर घासायला सुरुवात केली. मला या गोष्टीत ऑर्डरव्हिलचा स्वभाव दिसतो: कुरबुर ऐकून घेतली जायची आणि नियम वाकायचा.

१८८२ च्या एडमंड्स कायद्यानंतर बहुपत्नीत्वावरून धरपकड वाढली. १८८५ मध्ये चर्चनेच सल्ला दिला आणि ऑर्डरची बहुतेक मालमत्ता सभासदांत वाटली गेली. १८९० मध्ये चर्चने नवे बहुपत्नी विवाहही थांबवायचं जाहीर केलं.

हे ज्यांनी मानलं नाही, त्यांच्यापैकी काहींचं गाव शॉर्ट क्रीक, म्हणजे आजची हिल्डेल आणि कोलोरॅडो सिटी ही जुळी गावं. मूळ चर्चने त्यांना केव्हाच बाहेर काढलंय. १९४२ साली तिथे ‘युनायटेड एफर्ट प्लॅन’ हा ट्रस्ट झाला. नावातल्या साम्यानेही घोटाळा होतो. घर स्वतःच्या पैशाने आणि कष्टाने बांधायचं, जमीन मात्र ट्रस्टची आणि ट्रस्ट धर्मगुरूंच्या हातात. मर्जी फिरली की कुटुंब रस्त्यावर. २००५ मध्ये युटाच्या कोर्टाने ट्रस्टचा ताबा घेतला, तेव्हा कुठे पुढे घरं राहणाऱ्यांच्या नावावर होऊ लागली.