‘वेलकम टू कंट्री’ की ‘अक्नॉलेजमेंट’? मंचावर जाण्याआधी

ऑस्ट्रेलियात मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की सूत्रसंचालकाच्या कागदावर कधीकधी पहिलीच ओळ असते ‘वेलकम टू कंट्री’, आणि ती वाचतो आपल्यातलाच कुणीतरी. हे चुकतं. वेलकम म्हणजे भूमीवर स्वागत. ते त्या भूमीच्या मूळ समाजातल्या ज्येष्ठांनी किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीनेच करायचं. आपण करतो ते ‘अक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’: ही भूमी कुणाची, हे सर्वांसमोर मान्य करणं. ते कालच विमानातून उतरलेला माणूसही करू शकतो. उलट, दुसऱ्या भागातून आलेली अ‍ॅबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी) व्यक्तीसुद्धा तिथे वेलकम करत नाही.

कोकणातल्या माणसाला हे चटकन उमगेल. गाऱ्हाणं घालायचा मान ज्याचा त्याचाच; चाकरमान्याने वर्गणी कितीही दिली तरी तो हात जोडून ‘व्हय महाराजा’ म्हणतो. मंडळ कार्यक्रमाचं यजमान असेल, भूमीचं नव्हे.

आजच्या रूपातलं वेलकम पर्थमध्ये १९७६ साली सुरू झालं. न्यूझीलंड आणि कुक बेटांवरचे नर्तक स्थानिकांनी स्वागत केल्याशिवाय नाचायला तयार नव्हते, म्हणून रिचर्ड वॉली आणि एर्नी डिंगो या अ‍ॅबोरिजिनल कलाकारांनी ते केलं. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत मात्र ते पोहोचलं थेट २००८ साली.

सर्वाधिक चुका मूळ समाजाच्या नावात होतात. ‘मेलबर्न म्हणजे वुरुंजेरी’ हे अर्धंच खरं. मूळ समाजांच्या हद्दींच्या २०२१ च्या सीमारेषेनुसार शहराचा मध्यभाग वुरुंजेरी वॉय-वुरुंग लोकांचा, तर सेंट किल्डा बुनुरॉंग लोकांचा. जुना कागद नव्या सभागृहात वाचला की नाव चुकतं. म्हणून सभागृहाचा पत्ता घेऊन नगरपालिकेच्या संकेतस्थळावर नाव तपासा, उच्चार ऐका, देवनागरीत लिहून घ्या.

वेलकम हवं असेल तर त्या समाजाच्या संस्थेकडे काही आठवडे आधी विनंती करा. मानधन असतंच; ते ज्ञानाचं आणि कामाचं मोल आहे, त्यात घासाघीस नको. दीपप्रज्वलन आणि आरतीच्याही आधी त्यांना वेळ द्या. ‘दोन मिनिटांत आटपा’ असं सांगू नका. ओल्या पानांच्या धुराचा विधी असेल तर तो उघड्यावरच ठेवा, नाहीतर धूर ओळखणारी यंत्रणा वाजते आणि सभागृह रिकामं करावं लागतं.

अक्नॉलेजमेंटला तीन-चार वाक्यं पुरतात: समाजाचं नाव, या भूमीवरचा हक्क त्यांनी कधीच सोडून दिलेला नाही हे, आणि आधीच्या व आजच्या ज्येष्ठांना आदर. ती मराठीतही म्हणा. पहिल्या रांगेतल्या आजी-आजोबांना समजायला हवी.