ख्रिस्ती कुटुंबातील बालसंगोपन

मुलांना प्रेमाने, धीराने आणि श्रद्धेच्या संस्कारात वाढवण्याची ख्रिस्ती घरांतील परंपरा. ही जबाबदारी आधी घराची, मग चर्चची, असे बहुतेक पंथ मानतात. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा विधी) होतो तेव्हा आईवडील आणि धर्ममातापिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारे, मुलाला श्रद्धेत वाढवण्याचे वचन मंडळीसमोर देतात. बॅप्टिस्टांसारख्या ज्या पंथांत शिशूंचा बाप्तिस्मा होत नाही, तिथे समर्पणाचा विधी असतो. त्यातही वचन देतात ते आईवडीलच.

बायबलमध्ये या विषयावर दोन सूर ऐकू येतात, आणि परंपरेतली जवळजवळ सगळी भांडणे त्यांतूनच निघाली आहेत. नीतिसूत्रे या बायबलमधल्या पुस्तकात (१३:२४) छडी आवरणाऱ्या बापाला दोष दिला आहे. प्रेषित पौल मात्र इफिसकरांस पत्र लिहिताना (६:४) मुलांना चिरडीस आणू नका, असे बापांना बजावतो, आणि कलस्सैकरांस लिहिताना (३:२१) तशाने मुले खचतील असे कारणही देतो. रोमन कायद्यात बापाचा मुलांवर जवळजवळ निरंकुश हक्क होता. त्या काळात मुलांनी आज्ञा पाळाव्यात हे कोणीही सांगितले असते. बापाने स्वतःला आवरावे असे सांगणे विशेष होते. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, येशू बालकांना अडवणाऱ्या शिष्यांवर रागावतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातल्या दाखल्यातला बाप उधळ्या मुलाला दुरून पाहताच धावत सुटतो आणि त्याची कबुली पुरी होण्याआधीच अंगरखा आणायला सांगतो. प्रेमळ संगोपनाची बाजू मांडणाऱ्यांचा भर बहुधा याच दाखल्यावर असतो.

चौथ्या-पाचव्या शतकांतल्या योहान ख्रिसोस्तोम या बिशपने मुलांच्या संगोपनावर एक प्रबंध लिहिला. त्याच्या सूचना आजही घरगुती वाटतात. संध्याकाळी जेवताना काईन-हाबेल या आदामाच्या मुलांची बायबलमधली गोष्ट सांगावी, आईनेही ती पुन्हा सांगावी, मग ‘आता तू सांग’ म्हणावे. पुढे तीच गोष्ट चर्चमध्ये वाचली गेली की मूल आपली ओळखीची गोष्ट भेटल्यासारखे हरखते. नरकाचे वर्णन मात्र पंधरा वर्षांचा होईपर्यंत ऐकवू नये. माराची भीती असावी, पण मार सारखा पडू नये, नाहीतर मूल कोडगे होते, असेही तो सांगतो. जवळपास त्याच काळातल्या संत ऑगस्टीनने आपल्या बालपणाची आठवण लिहून ठेवली आहे: शाळेत मार बसू नये म्हणून तो देवाला विनवी, आणि घरची माणसे त्या वळांना हसत.

प्रॉटेस्टंट परंपरेत सर्वांत जास्त सांगितले जाणारे घर इंग्लंडमधल्या एपवर्थ गावच्या पाळकाचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचे. त्याची पत्नी सुझाना वेस्ली (१६६९–१७४२) हिला १९ मुले झाली, त्यांतली १० जगली. मेथॉडिस्ट ही प्रॉटेस्टंट चळवळ उभी करणारे जॉन आणि चार्ल्स ही त्यांतलीच. तिची पद्धत तिने १७३२ साली जॉनला लिहिलेल्या पत्रातून कळते, आणि आजच्या वाचकाला ती सरळ पचत नाही. वर्षाच्या आतबाहेरच मुलाला छडीचे भय कळावे आणि त्याने हळू आवाजात रडावे, मुलाची हट्टी इच्छा लवकर मोडावी, असे ती लिहिते. पण त्याच घरात असेही नियम होते: ज्याने आपणहून चूक कबूल केली त्याला मारायचे नाही, एका चुकीची शिक्षा दोनदा नाही, आणि एकदा मिटलेली गोष्ट पुन्हा उकरून काढायची नाही. पाच वर्षे पूर्ण झाली की मुळाक्षरे, आणि लगेच उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायापासून वाचन. शिवाय आठवड्यातली एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलासाठी राखून ठेवली होती. जॉनचा वार गुरुवार. मोठेपणी ऑक्सफर्डला असताना त्याने आईला लिहून त्या गुरुवारच्या वेळातला थोडा वाटा पुन्हा मागितला. तिची छडी कालबाह्य झाली; गुरुवारची संध्याकाळ मात्र टिकण्याजोगी आहे.

अमेरिकेत हार्टफर्डचे पाळक होरेस बुशनेल यांनी १८४७ मध्ये एका पुस्तकात वेगळाच मुद्दा मांडला. मुलाला आधी पापी ठरवून पुढे त्याच्या नाट्यमय मनपालटाची वाट पाहू नये. आपण कधी ख्रिस्ती नव्हतो असे त्याला आठवूच नये, अशा रीतीने ते घरात वाढावे. घरातले वातावरण, आईचा स्वर, जेवणाच्या वेळचे बोलणे यांनाच ते धर्मशिक्षण मानत. विरोध एवढा झाला की प्रकाशक संस्थेने पुस्तक मागे घेतले.

कॅथलिकांमध्ये इटलीतल्या तुरिनचे डॉन बॉस्को (१८१५–८८) यांची ‘प्रतिबंधक पद्धत’ प्रसिद्ध आहे: विवेक, धर्म आणि ममता. मुलाने चुकण्याआधीच मोठ्यांनी त्याच्या सोबत असावे, चुकल्यावर छडी घेऊन येऊ नये. मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते त्यांना जाणवले पाहिजे, असे त्यांनी १८८४ मध्ये रोमहून लिहिले. ही पद्धत शाळा-वसतिगृहांची म्हणून ओळखली जाते, पण तिचे मूळ घरात आहे. डॉन बॉस्कोंचे वडील ते लहान असतानाच वारले. आई मार्गारीताने त्यांना वाढवले आणि १८४६ पासून मरेपर्यंत, दहा वर्षे, तुरिनमधल्या अनाथ मुलांचा स्वयंपाक आणि शिवणटिपण तिनेच सांभाळले. मुंबईत माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा याच परंपरेतली.

महाराष्ट्रात बुशनेल यांच्याच काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट परंपरेतल्या अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला (आता अहिल्यानगर) काम उभे केले. घरात मुलांच्या हाती काहीतरी वाचायला द्यावे म्हणून १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ हे मासिक निघाले. मराठी प्रॉटेस्टंट घरांतली नेहमीची रीत म्हणजे संध्याकाळची कौटुंबिक उपासना: एक गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना. वाचता येऊ लागलेल्या मुलाला एकेक वचन वाचायला मिळते. अडखळले तर शेजारचा हळूच शब्द पुरवतो. २३वे स्तोत्र, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, शब्बाथशाळेत (रविवारच्या धर्मशाळेत) जाण्याआधीच पाठ असते. खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले मात्र मिशनच्या बोर्डिंगांत वाढली. प्रार्थनेइतकीच घंटेची शिस्तही तीच पिढी घरी घेऊन आली, हे मराठी ख्रिस्ती घरांच्या कडकपणाचे एक कारण असावे.

वसईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना; गोव्यात तिलाच तेर्स म्हणतात. गोव्यात तेर्स संपला की मुले थोरामोठ्यांपुढे हात जोडून बेसांव मागतात, म्हणजे आशीर्वाद. दुपारी ज्याने बोलणी खाल्ली, त्यालाही त्याच आजोबांपुढे उभे राहावे लागते, आणि आजोबांनाही आशीर्वाद द्यावाच लागतो. राग रात्रीपलीकडे जाऊ नये याची सोय इतक्या साधेपणाने क्वचितच कुठे झाली असेल.

छडीचा वाद अजून संपलेला नाही. लूथरन परंपरेच्या स्वीडनने १९७९ मध्ये घरातही मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली; जगातला असा तो पहिला देश. भारतात शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला. छडीचे वचन शब्दशः घेणारे पालक आजही आहेत. मेंढपाळाची काठी मेंढराला वळवण्यासाठी असते, मारण्यासाठी नव्हे, असे म्हणणारे पाळकही आहेत. शहरांत, आणि परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांत, अडचण वेगळीच आहे. कामाच्या वेळा जुळत नाहीत आणि मुले इंग्रजी माध्यमातली, म्हणून आजी मराठी बायबलमधून वाचते आणि नातू तेच वचन मोबाइलवर इंग्रजीत शोधतो.