स्क्लेरोडर्मातले हृदय आणि सिंपथेटिक मज्जासंस्था : पार्श्वभूमी

स्क्लेरोडर्मा म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक करत जाणारा आजार; त्याच्या रुग्णांत ‘रेनॉ’ नेहमीचा. रेनॉत थंडीत बोटे पांढरी-निळी पडतात ती मज्जासंस्थेच्या अतिउत्तेजनामुळे, हा विचार १८६२ पासूनचा. त्याच्या भरवशावर पुढे सिंपथेटिक मज्जातंतू (ताणात शरीराला सज्ज करणारे, रक्तवाहिन्या आकसवणारे) शस्त्रक्रियेने कापले गेले, पण स्क्लेरोडर्माच्या रुग्णांना मिळालेला आराम सहसा टिकला नाही.

हृदयाकडे लक्ष उशिरा गेले. १९४३ मध्ये हृदयस्नायूतला फायब्रोसिस (व्रणासारखे कडक तंतू साठणे) या आजाराचाच भाग म्हणून मांडला गेला. १९७६ च्या शवविच्छेदन-अभ्यासात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या कोरोनरी धमन्या मोकळ्या असूनही स्नायूत ‘कॉन्ट्रॅक्शन बँड’ इजा (अतिआकुंचनाने पेशींत पडलेले पट्टे) आढळली. रक्तपुरवठा थांबून पुन्हा सुरू झाला की अशी इजा होते; त्यातून बोटांप्रमाणे हृदयाच्या धमन्याही आकसतात, ही ‘हृदयाचा रेनॉ’ कल्पना रुजली. १९८० च्या दशकात हात थंड केल्यावर काही रुग्णांच्या हृदयाचा रक्तपुरवठा घटलेला थॅलियम स्कॅनमध्ये (किरणोत्सारी थॅलियम वापरून रक्तपुरवठा दाखवणाऱ्या तपासणीत) दिसला, आणि निफेडिपिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाने रक्तपुरवठा सुधारला. मात्र अॅड्रिनलिनवर्गीय रसायनांच्या अतिरेकानेही नेमकी तशीच इजा होते, हे या चर्चेत फार मागे पडले.

खरा गुंता १९९० च्या दशकातला. चोवीस तासांच्या होल्टरवरून (अंगावर बाळगायच्या ईसीजी यंत्रावरून) ठोक्यांमधल्या अंतराची चढउतार मोजता येऊ लागली. या चढउतारातल्या ०.०४ ते ०.१५ हर्ट्झच्या लहरी ‘लो फ्रिक्वेन्सी’, ०.१५ ते ०.४० हर्ट्झच्या ‘हाय फ्रिक्वेन्सी’. लो आणि हाय फ्रिक्वेन्सीचे गुणोत्तर वाढले की सिंपथेटिकचा जोर वाढला, असे वाचन सुरू झाले. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकांतच लो फ्रिक्वेन्सीच्या अर्थावर मतभेद असल्याची नोंद आहे. अॅट्रोपिन या औषधाने व्हेगस नर्व्हचा (हृदयाची गती मंदावणाऱ्या, सिंपथेटिकविरोधी मज्जातंतूचा) प्रभाव रोखला की लो फ्रिक्वेन्सी लहरीही घटतात. हृदय निकामी होण्याच्या गंभीर अवस्थेत सिंपथेटिक प्रणाली पेटलेली असते, तरी या लहरी जवळपास नाहीशा होतात. तरीही स्क्लेरोडर्मावरच्या कितीतरी लेखांत हे गुणोत्तर ‘सिंपथेटिक अतिक्रियाशीलते’चा पुरावा म्हणून येत राहिले. हे मला गंभीर वाटते, कारण ठोक्यांची चढउतार या रुग्णांत कमी असते हे वारंवार दिसले असले, तरी दोष मज्जातंतूंचा की फायब्रोसिसने जखडलेल्या सायनस नोडचा (ठोके सुरू करणाऱ्या हृदयातल्या केंद्राचा), हे त्या आकड्यातून कळत नाही.

२००० च्या सुमारास चर्चा रक्तवाहिनीकडे वळली. थंडीत अल्फा-२सी रिसेप्टर (नॉरअॅड्रिनलिनचा संदेश घेणारे रेणू) पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि सिंपथेटिक तंतूंतून सुटणाऱ्या या नॉरअॅड्रिनलिनचा परिणाम वाढतो. स्क्लेरोडर्माच्या रुग्णांच्या त्वचेतील सूक्ष्म धमन्या अल्फा-२ उत्तेजनाला जास्त आकसतात. हृदयातल्या सूक्ष्म धमन्यांबाबत इतका थेट पुरावा नाही. एमआरआयच्या टी-१ मॅपिंग या तंत्राने आता हृदयातला विखुरलेला फायब्रोसिसही दिसतो, त्यामुळे सगळे लक्ष फायब्रोसिसकडे गेले आहे. उपचारात मात्र जुनी कोंडी कायम आहे: अनियमित ठोक्यांसाठी बीटा-ब्लॉकर (हृदयावरचा अॅड्रिनलिनचा परिणाम रोखणारे औषध) द्यावा, तर बोटांचा रेनॉ बळावण्याची भीती.