शाळेतली पहिली नोंद: पहिलीचा प्रवेश, शाळा सोडल्याचा दाखला आणि नाव-जन्मतारखेची दुरुस्ती

गुढीपाडव्याला 'पट वाढवा'ची हाक सुरू होते आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद व महापालिकेच्या शाळांमधून पहिलीची नावनोंदणी सुरू होते. या दिवसांत पालकांचं लक्ष गणवेश, पुस्तकं, कोणत्या बाई असतील याकडे असतं. खरं लक्ष द्यायला हवं ते एका वहीकडे. तिला जनरल रजिस्टर म्हणतात, जुन्या भाषेत प्रवेश-निर्गम रजिस्टर. मुलाचं नाव, आई-वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात, मातृभाषा या सगळ्याची पहिली नोंद त्यात होते. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जातवैधता, पासपोर्ट ही सगळी कागदपत्रं या नोंदीवर उभी राहतात. पहिलीत पाच मिनिटं लक्ष दिलं तर जी चूक टळते, ती बारावीनंतर दुरुस्त करायला महिने जातात. म्हणून या लेखात प्रवेशाच्या दिवसावरच जास्त भर दिला आहे.

वय कसं मोजायचं

पहिलीसाठी मुलाला त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. जून 2026 मध्ये पहिलीत जायचं असेल, तर जन्म 31 डिसेंबर 2020 किंवा त्याआधीचा पाहिजे. 1 जानेवारी 2021 ला जन्मलेलं मूल पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. एक-दोन दिवसांसाठी जन्मतारीख अलीकडे-पलीकडे करून घेण्याचा मोह काही पालकांना होतो. तसं करू नका. जन्मदाखल्यात एक तारीख आणि शाळेत दुसरी अशी तफावत नंतर प्रत्येक फॉर्मवर आडवी येते. आधीच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असायचा, कारण दाखला नसला की गुरुजी तीच तारीख लिहायचे. आता त्याची गरज उरलेली नाही.

काय न्यायचं

मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आणि दोन्ही पालकांचं आधार, रेशनकार्ड किंवा राहण्याचा दुसरा पुरावा, मुलाचे दोन-तीन फोटो, अंगणवाडी किंवा बालवाडीचा दाखला असल्यास तो. यासोबत वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला जरूर न्या. तो प्रवेशासाठी सक्तीचा नाही, पण आडनाव, जात आणि पोटजात कशी लिहायची याचा तोच आधार असतो. वडील शिकलेले नसतील तर आजोबांचा, काकांचा किंवा आत्याचा दाखला चालतो. मूळ कागद दाखवायचे आणि द्यायच्या फक्त झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही करून. मूळ जन्मदाखला शाळेत ठेवून येऊ नका.

एखादा कागद नाही म्हणून प्रवेश अडत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की वयाचा पुरावा नाही या कारणावरून मुलाला नाकारता येणार नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्याच्या किंवा आरोग्यसेविकेच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीतली नोंद, आणि तेही नसेल तर पालकांचं घोषणापत्र चालतं. प्रवेश घ्या आणि जन्मदाखल्याच्या मागे लागा. घोषणापत्रावर लिहिलेली तारीख तशीच वर्षानुवर्षं राहू देऊ नका.

जन्मदाखला कुठे मिळतो

इथे सगळ्यात जास्त हेलपाटे होतात. जन्माची नोंद मूल जिथे जन्मलं तिथे होते, आई-वडील राहतात तिथे नाही. घर पन्हाळा तालुक्यात, पण बाळंतपण कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात झालं, तर नोंद कोल्हापूर महानगरपालिकेकडे असते. ग्रामपंचायतीत कितीही शोधलं तरी ती सापडणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असतं, त्यामुळे मोठ्या मुलाचा दाखला गडहिंग्लजला आणि धाकट्याचा इचलकरंजीला असंही होतं. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवलं असेल तर ठिकाण आणि तारीख लगेच कळते.

नोंद आहे, पण बाळाचं नावच घातलेलं नाही, असे दाखलेही बरेच असतात. जन्मानंतर नाव ठेवायच्या आत दाखला काढलेला असतो. अशा वेळी ज्या कार्यालयात नोंद आहे तिथेच अर्ज करून नाव घालून घ्यावं लागतं. पहिल्या वर्षानंतर त्यासाठी विलंब शुल्क भरावं लागतं. शाळेत नाव घालायच्या आधी हे काम उरका, म्हणजे दोन्हीकडे एकच स्पेलिंग राहील.

जन्माची नोंदच झालेली नसेल तर आधी 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यावा लागतो. एक वर्षाहून जास्त उशीर झालेला असल्यास महसूल खात्याच्या अधिकृत दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पुराव्यांची छाननी कडक असते, वेळ लागतो. म्हणून मूल अंगणवाडीत असतानाच हे सुरू करावं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो.

रजिस्टरमध्ये काय तपासायचं

प्रवेश अर्ज पालकांनी स्वतः भरावा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला सोबत न्यावं, पण 'तुम्हीच भरा बाई' म्हणून अर्ज सोडून येऊ नये. शिक्षक ऐकलेलं लिहितात आणि ऐकलेल्यात फरक पडतो. नोंद झाली की मुख्याध्यापकांना विनंती करून ती एकदा डोळ्यांखालून घाला. पुढच्या गोष्टी शांतपणे वाचा.

नाव. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. चौगुले, चौगले या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एकाच घरात तीन प्रकारे सापडतं, कुणाचं 'एयू' तर कुणाचं 'ओयू'. जन्मदाखला आणि आधार यात जसं आहे तसंच शाळेत लिहून घ्या. त्या दोघांतच फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, कारण मुलांच्या आधारवरची जन्मतारीख जन्मदाखल्यावरूनच बदलते.

वडिलांचं नाव. आपल्याकडे हा खास घोळ आहे. जन्मदाखल्यात 'बाळासो', आधारवर 'बाळासाहेब', सातबाऱ्यावर आणखी काही. आण्णासो, दादासो, रावसो यांचंही तेच. वडिलांच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यात जे नाव आहे तेच मुलाच्या नावापुढे लागायला हवं. घरात हाक मारायचं नाव कागदावर येऊ देऊ नका. आईचं नाव लिहिताना माहेरचं की सासरचं हेही आधीच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचं, असा राज्य शासनाचा निर्णय आहे. ही मुलं पुढच्या काही वर्षांत पहिलीला येतील, तेव्हा घरातल्या मोठ्या भावंडाच्या नावाची रचना वेगळी असेल. त्यात चूक नाही.

जन्मतारीख. अंकी आणि अक्षरी दोन्ही वाचा. 05/07 चं 07/05 झालेलं अक्षरी तारखेत लगेच लक्षात येतं. जन्मस्थळाच्या रकान्यात गाव, तालुका, जिल्हा, राज्य लिहायचं असतं आणि ते जन्मदाखल्याप्रमाणे, राहत्या गावाप्रमाणे नव्हे.

जात आणि पोटजात. रकान्यात 'ओबीसी' किंवा 'एससी' असा प्रवर्ग लिहून चालत नाही, जातीचं पूर्ण नाव लागतं. पोटजात असेल तर तीही. पहिलीच्या प्रवेशाला जातीचा दाखला मागत नाहीत, वडिलांच्या दाखल्यावरून नोंद होते. पण पुढे जातवैधता समितीसमोर बाप-लेकाच्या नोंदींची तुलना होते, आणि त्यातला एका शब्दाचा फरकही समजावून सांगावा लागतो. वैधतेसाठी जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे, विमुक्त व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांत पणजोबांचीही शाळेतली नोंद सापडू शकते. गावच्या जुन्या शाळेत जाऊन त्या नावाचा निर्गम उतारा आत्ताच मागून ठेवा. जुनी रजिस्टरं जीर्ण होत चालली आहेत, आणि काही नोंदी मोडी लिपीत असतात, त्या वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागतो.

आधार, पेन आणि अपार

शाळा मुलाची माहिती सरल (राज्याची) आणि यू-डायस (केंद्राची) या ऑनलाइन प्रणालींत भरते. यू-डायसमधून मुलाला कायम शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन, मिळतो. अपार आयडी, म्हणजे देशभर चालणारा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, पालकांच्या लेखी संमतीने तयार होतो. तो अडतो तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं: शाळेतलं नाव, जन्मतारीख किंवा लिंग आधारशी जुळत नाही. शाळेला दोष देण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर बघा. पाच वर्षांखाली काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पाच ते सात वयात ते मोफत देता येतात, म्हणजे पहिलीत जाण्याआधी हे काम करून टाकायला योग्य वेळ असते.

शाळा सोडल्याचा दाखला काढताना

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंत आहेत, त्यामुळे पाचवीला हायस्कूल गाठताना बहुतेक मुलांचा पहिला दाखला निघतो. निकालानंतर लगेच अर्ज द्या. मे महिन्यात शाळा बंद असते, मुख्याध्यापक गावी असतात आणि मग जूनच्या मध्याला सगळे एकदम दारात येतात.

पालकांच्या सहीचा साधा अर्ज पुरतो: मुलाचं नाव, इयत्ता, जनरल रजिस्टर नंबर माहीत असल्यास तो, सोडण्याचं कारण, पुढची शाळा. दाखला हातात आला की तिथेच वाचा. रजिस्टर नंबर, सरलचा विद्यार्थी आयडी, शाळेचा यू-डायस क्रमांक, जन्मतारीख अक्षरी, इयत्ता 'पासून' आणि 'पर्यंत', सही, शिक्का आणि तारीख. खाडाखोड असलेला दाखला घेऊ नका, दुसरा लिहून मागा. घरी आल्यावर स्वतः पेनने काही सुधारलंत तर तो दाखला बाद होतो आणि कारवाईही होऊ शकते. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो, म्हणून देण्याआधी तीन-चार झेरॉक्स काढून ठेवा. हरवला तर शाळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र घेऊन 'दुय्यम प्रत' असा शेरा मारून देते.

कागदाबरोबर ऑनलाइन बदलीही व्हावी लागते. नवी शाळा विनंती पाठवते, जुनी शाळा मुलाला तिच्या पटावरून सोडते. हे राहिलं तर मूल बसतं एका शाळेत आणि दिसतं दुसऱ्या शाळेत. महिन्याभराने नव्या वर्गशिक्षकांना एवढंच विचारा, 'सरलला नाव आलं का?'

दाखला मिळायला उशीर झाला तरी मुलाला वर्गाबाहेर ठेवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा असतो, आणि दाखला यायचा आहे म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश रोखायचा नसतो. ऊसतोडीच्या हंगामात जिल्ह्यात येणाऱ्या कुटुंबांना आणि वीटभट्टीवरच्या मजुरांना हे आवर्जून सांगायला हवं. त्यांच्या मुलांनी गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलांसाठीचं कार्ड) आणलं असेल तर जवळच्या शाळेत दाखवावं. आणलं नसेल तरी वयानुसार वर्गात बसण्याचा त्यांचा हक्क आहे. कारखान्याच्या तळाजवळ राहणाऱ्या कुणालाही असं मूल दिसलं तर त्याने जवळच्या शाळेला कळवावं.

सीमाभागातली गोष्ट वेगळी. चंदगड, गडहिंग्लज, कागल, शिरोळ इकडे कर्नाटकातून येणाऱ्या मुलांच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच या, नाहीतर परत जावं लागतं. दाखला कन्नडमध्ये असेल तर मराठी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा. तिकडे नावात बऱ्याचदा आद्याक्षरं असतात. ती पूर्ण करून लिहिताना पुन्हा जन्मदाखलाच पुढे ठेवा.

चूक झालीच असेल तर

मूल त्याच शाळेत शिकत असतानाच दुरुस्ती मागा. शाळा सोडल्यावर नोंद बदलणं फार अवघड होतं. तेव्हा लिहिताना झालेली उघड चूक आहे हे कागदांनी सिद्ध करावं लागतं. मुख्याध्यापकांना स्वतःच्या अधिकारात नाव, जन्मतारीख किंवा जात बदलता येत नाही, तेव्हा त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. ते प्रस्ताव पाठवतात. त्यात पालकांचा अर्ज, रजिस्टरचा उतारा, मूळ प्रवेश अर्जाची प्रत, जन्मदाखला, आधार, प्रतिज्ञापत्र लागतं. जातीच्या दुरुस्तीला सक्षम अधिकाऱ्याचा जातीचा दाखला आणि वडिलांकडच्या नातेवाइकांचे पुरावे लागतात. नावच बदललं असेल तर राजपत्राची प्रत. गावातल्या शाळेचा प्रस्ताव केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जातो, कोल्हापूर शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे. प्रस्ताव परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मूळ प्रवेश अर्ज सापडत नाही किंवा त्यावरच चुकीची तारीख पालकांच्या सहीनिशी आहे. आदेश आला की रजिस्टरच्या शेऱ्यात आदेश क्रमांक आणि तारखेसह दुरुस्ती होते. तो उतारा मागून घ्या आणि त्याचबरोबर सरल व यू-डायसमध्येही बदल करायला सांगा. हे शेवटचं काम हमखास राहतं.

प्रवेश किंवा दाखला कुणी अडवत असेल तर तोंडी वाद घालू नका. दोन प्रतींत अर्ज द्या, एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आठवड्यात उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर नागाळा पार्कमधल्या जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, प्राथमिक यांच्याकडे लेखी तक्रार द्या. पोच नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा कुणालाच करता येत नाही.