घरभर एकच उबदार फिका रंग

घरातल्या सगळ्या खोल्यांच्या भिंतींना पिवळट, बदामी किंवा किंचित गुलाबीकडे झुकणारी एकच फिकी छटा देण्याची पद्धत. मोतिया, सायीचा, बिस्किटी, फिका बदामी हे यातले नेहमीचे रंग. खानदेशात ती नवी नाही. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांत चुन्यात पिवडी कालवून ओसरीपासून माजघरापर्यंत एकच रंग दिला जाई. चुन्यात नीळ टाकली की भिंत निळसर पांढरी दिसते, पिवडी टाकली की मोतिया. पिवडी ही लोहयुक्त पिवळी माती असल्याने चुन्यात तिचा रंग उडत नाही.

रंग एकच दिला तरी तो प्रत्येक खोलीत एकसारखा दिसत नाही, आणि निवड चुकते ती इथेच. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतरच्या उन्हाने मोतिया भिंत हळदीसारखी पिवळी होते. उत्तरेच्या खोलीत तीच छटा मळकट राखाडी वाटते. खिडकीबाहेर कडुनिंब दाट असेल तर भिंतीवर हिरवट झाक येते. फरशीचा परिणाम याहून मोठा: शहाबादी किंवा कोटा फरशी हिरवट राखाडी असते, तिच्याशेजारी गुलाबी झाकेचा क्रीम जास्तच गुलाबी दिसतो. अशा फरशीला पिवळट झाकेची छटा घ्यावी. शिवाय चारही भिंतींचा रंग एकमेकींवर पडत असल्याने खोलीत तो शेड कार्डावरच्यापेक्षा गडद वाटतो. म्हणून कार्डावर आवडलेल्या छटेच्या एक पायरी वरची, म्हणजे अधिक फिकी छटा घेणे बरे.

नमुना कार्डावर नव्हे, भिंतीवर पाहावा. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खोलीत दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवावेत आणि सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहावेत. दिव्यांचाही मेळ हवा. हॉलमध्ये ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब आणि स्वयंपाकघरात ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असेल, तर रात्री एकाच डब्यातला रंग दोन वेगळ्या डब्यांतला वाटतो.

भिंत कशाची आहे यावर कोणत्या प्रकारचा रंग द्यायचा ते ठरते. माती किंवा माती-दगडाच्या भिंतीला प्लास्टिक इमल्शन, म्हणजे डब्यातला पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग देऊ नये. आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला चुना-पिवडीच योग्य. चुनकळी, म्हणजे न विरवलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवून रात्रभर ठेवावी, किलोला साधारण पाच लिटर पाणी धरावे, कापडाने गाळून त्यात डिंकाचे पाणी आणि वेगळी भिजवून गाळलेली पिवडी घालावी. भिंत आधी ओलसर करून तीन पातळ हात द्यावेत. ओला असताना हा रंग बराच गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे पिवडीचे प्रमाण वाळलेल्या नमुन्यावरूनच ठरवावे. साऱ्या घराचे मिश्रण एकदम करावे, दुसऱ्या खेपेला तीच छटा जमणे कठीण असते.

सिमेंटच्या भिंतीचा खरा शत्रू लोणा. पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जाते, क्षारांचे खडे मागे राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. विहीर-बोअरचे जड पाणी आणि उन्हाळ्यात चालणारा कूलर यांमुळे कूलरच्या खिडकीखाली तो हमखास दिसतो. त्यावर नुसता वॉटरप्रूफ रंग फासून उपयोग नाही. गळती बंद करून, खराब प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून, नवे करून पूर्ण वाळू द्यावे. भिंत वाळली की नाही हे पाहायला दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवावा. आतून थेंब जमले तर अजून थांबावे. दसरा-दिवाळीदरम्यान रंगकामाची घाई असते, पण पावसाळ्यातली ओल तेव्हा भिंतीत असू शकते. डिसेंबर-जानेवारी अधिक भरवशाचे.

जुन्या चुन्याचे थर खरवडल्याशिवाय इमल्शन धरत नाही. नव्या प्लास्टरला सुमारे महिनाभर वाळू द्यावे. नंतर पुट्टीचे दोन हात, १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणे, ओल्या फडक्याने धूळ पुसणे, प्रायमरचा एक हात आणि इमल्शनचे दोन. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीच्या भिंती ४४० चौरस फूट भरतात, दार-खिडक्या वजा जाता सुमारे ३८०. लिटरमागे दोन हातांना साठेक चौरस फूट धरले तर साडेसहा लिटर लागतात. सगळ्या घराला एकच छटा असल्याने मोठ्या बादल्या घेता येतात. मात्र त्या एकाच बॅचच्या घ्याव्यात आणि सुरुवातीलाच एका पिंपात एकत्र घोळून घ्याव्यात.

आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी रंग करायचा असेल तर मार्चमध्येच आटोपावा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे गेला की तापलेल्या भिंतीवर रोलरची कड लगेच वाळते आणि पुढच्या पट्ट्याशी जोड दिसतो. हे टाळता आले नाही तर भल्या पहाटे, सावलीतल्या भिंतीपासून सुरू करून एक भिंत न थांबता पूर्ण करावी.

स्वयंपाकघरात छटा तीच, पण पुसता येणारी, थोडी चमक असलेली फिनिश घ्यावी. मसाल्याच्या फोडणीचे तेलकट डाग मॅट भिंतीत मुरतात. चमकदार भिंतीवर ऊन परावर्तित होऊन छटा जरा वेगळी भासते, म्हणून फिनिश बदलायची ती कोपऱ्यात, भिंतीच्या मध्यावर नव्हे. उरलेला लिटरभर रंग झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावा आणि डब्यावर छटेचा क्रमांक लिहावा. नंतर डाग पडला तर तेवढाच भाग रंगवू नये, चट्टा दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवावी.